आक्कांच्या डोक्याला लावलेलं तेल

आमच्या घरात डासांना फक्त मी घाबरतो. घरातले बाकीचे लोक मला घाबरतात.

याला कारण आहे. मागे एकदा ऋचाला, म्हणजे आमच्या एकुलत्या एक मुलीला, डेंगू झाला होता. देवासच्या दवाखान्यात तिच्या पलंगाशी बसून मी प्लेटलेटचा आकडा इतक्या वेळा विचारायचो, की मी व्हरांड्यात दिसलो की नर्स औषधांच्या कपाटामागे जाऊन उभी राहायची. ऋचा बरी झाली. मी झालो नाही.

तेव्हापासून उन्हं कलली की आमच्या घराच्या खिडक्या बंद. कुंडीखालच्या बशीत पाणी दिसलं की मी ओरडणार. शेजाऱ्यांच्या कूलरमध्ये टॉर्च मारून अळ्या शोधणार. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे कॉलनीत मला मान होता; आता कॉलनी मला ‘मच्छर मास्साब’ म्हणते. (तोंडावर फक्त ‘मास्साब’ म्हणतात. त्याआधीचा पॉज मला ऐकू येतो.)

उपाय सगळे करून झाले. कॉइल लावली तर सुलभाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, खोकला. “डास जाईल तेव्हा जाईल, आधी मी जाते!” असं म्हणून तिने कॉइल बादलीत बुडवली. बाजारातलं मलम लावलं तर ऋचाच्या हातांवर पुरळ. शेवटी मी ठरवलं, की आता रसायन नको. आता वनस्पती!

मोबाइलवर एका गृहस्थांचा व्हिडिओ पाहून मी कामाला लागलो. परसात गवती चहा माजलेला होताच. तो भाराभर कापला. त्यात निरगुडीचा पाला, कडुनिंबाचं तेल, कापूर, लवंगा, लिंबाच्या साली घातल्या आणि हे सगळं तिळाच्या तेलात, सुलभाच्या खिरीच्या पातेल्यात, मंद आचेवर उकळायला ठेवलं. भिंतीवरून शेजारच्या शर्माजींचं डोकं वर आलं.

“मास्साब, क्या बना रिये हो? पूरी गली में खुशबू उठ री है!”

“दवाई है भिया. मच्छर की.”

“अच्छा! तो मच्छर को पिलाओगे कैसे?”

मी पातेलं उतरवलं. गाळलेलं तेल डोक्याच्या तेलाच्या एका रिकाम्या बाटलीत भरलं, हातापायांना चोपडलं आणि संध्याकाळी मुद्दाम अंगणात खुर्ची टाकून बसलो. एकही डास जवळ आला नाही! सुलभाही आली नाही. गल्लीतलं कुत्रं आलं, हुंगलं, शिंकलं आणि गेलं. पण मी विजयी झालो होतो.

आणि नेमका तेव्हाच धारहून फोन आला.

झालं होतं असं, की इंदूरच्या एका लग्नात धारच्या आक्कांनी ऋचाला पाहिलं होतं. आक्का म्हणजे निखिलची, म्हणजे सांगून आलेल्या मुलाची, आत्या. निखिलची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं आक्कांनीच. मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात इंजिनीअर, वडील नानासाहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, पण घरात शब्द चालतो तो आक्कांचा. त्यांनी याआधी दोन मुलींना नकार दिल्याचं आमच्या कानावर आलं होतं. एकीने बसताना पाय हलवला म्हणून, आणि दुसरीला तिच्या आईमुळे. (दुसरीच्या आईने नेमकं काय केलं ते कळलं नाही. सुलभा ते आठवून आठवून घाबरायची.)

नानासाहेब फोनवर म्हणाले, “पोहे, चहा, मुलगी मान खाली घालून बसलेली, हे सगळं जुनं झालं हो. आपण सगळे मिळून मांडूला जाऊ. पावसाळा नुकताच सरलाय, हिरवंगार आहे. मोकळेपणाने बोलू, दाल-बाफले खाऊ.”

सुलभाला आनंद झाला. मला फक्त ‘पावसाळा नुकताच सरलाय’ एवढंच ऐकू आलं. मांडू म्हणजे महालामागे तलाव आणि तलावामागे महाल. साचलेलं पाणी! झाडी! आणि माझी मुलगी!

पुढचे दिवस घरात दोन तयाऱ्या चालू होत्या. सुलभा ऋचाचं मराठी घासत होती. ऋचा सगळी हिंदी शाळेत शिकलेली. घरातसुद्धा अर्धं वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत पोचतं.

“आक्का मला खूप चांगल्या लागतात,” ऋचाने पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं.

“चांगल्या लागतात? आक्का काय भजी आहेत? ‘आवडतात’ म्हण गं!”

“अरे यार आई, अच्छी लगती हैं, म्हणजे तेच ना!”

“आणि ‘अरे यार’ तर मुळीच म्हणायचं नाही!”

दुसरी तयारी माझी. तेलाचा दुसरा घाणा मी आणखी कडक काढला, गवती चहा दुप्पट घालून. निघायच्या आदल्या दिवशी सुलभाने बाटली पाहिली आणि कंबरेवर हात ठेवले.

“हे तिकडे न्यायचं नाही.”

“अगं, पण डेंगूचा सीझन आहे!”

“असू दे. त्या लोकांसमोर डास हा शब्दसुद्धा काढायचा नाही. शपथ आहे तुम्हाला.”

मी शब्द न काढण्याचं कबूल केलं. बाटलीबद्दल मी काहीच बोललो नाही. ती झोळीत, टॉवेलच्या घडीत, अगदी तळाशी गेली.

सकाळी आम्ही धारला पोचलो. तिथून सगळ्यांनी मिळून एकाच मोठ्या गाडीने जायचं होतं. आक्का दारातच उभ्या होत्या. नऊवारी नव्हे, पण नऊवारीचा दरारा. ऋचाने वाकून नमस्कार केला. आक्कांनी तिला चष्म्याच्या वरून पाहिलं, मग चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाल्या, “औक्षवंत हो. प्रवासात त्रास नाही ना झाला?”

“नाही आक्का. रस्ता एकदम… छान होती.”

“होता,” आक्का शांतपणे म्हणाल्या.

सुलभाने डोळे मिटून घेतले. मी गाडीत बसता बसता झोळी चाचपली. बाटलीचं झाकण सैल झालं असावं, कारण धार ओलांडतो न ओलांडतो तोच नानासाहेब नाक वर करून म्हणाले, “गाडीत कुणी लोणचं आणलंय का हो?”

“नाही नाही,” सुलभा म्हणाली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पुढच्या सगळ्या जन्मांचा हिशेब होता. मी खिडकीबाहेर सोयाबीन बघू लागलो.

नालछ्याला चहासाठी गाडी थांबली. टपरीशेजारी डबकं होतं. मी मनात देवाचं नाव घेतो आहे तोच एक डास, चांगला पट्टेवाला, ऋचाच्या कोपरावर येऊन बसला! त्या क्षणी मला ना शपथ आठवली, ना स्थळ. मी तो डास हाणला (ऋचाचा चहा सांडला, निखिलच्या बुटावर) आणि झोळीतून बाटली बाहेर काढली.

“काय हो ते?” आक्कांनी विचारलं.

“तेल आहे आक्का. वनस्पतींचं. घरी काढलंय, एकही रसायन नाही. म्हणजे कसं आहे, हे लावलं की…”

इथे सुलभाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. टाचेचा. वाक्य तिथेच राहिलं.

“बरं झालं,” आक्का म्हणाल्या. “गाडीच्या हिसक्यांनी मघापासून कपाळ ठणकतंय माझं. घाला पाहू जरा टाळूवर.”

मी सुलभाकडे पाहिलं. सुलभा आभाळाकडे पाहत होती.

“आक्का, हे खरं म्हणजे…”

“अहो, घाला! मुलीच्या बापाने इतका संकोच करू नये.”

मी घातलं. काय करणार? आधी थोडं घातलं. त्या म्हणाल्या, “आणखी.” आणखी घातलं. “कानामागे.” कानामागे घातलं. तेल अंबाड्यात मुरलं, मानेवरून ओघळलं. आक्कांनी डोळे मिटले.

“कापूर आहे का हो यात?”

“आहे.”

“लवंग?”

“आहे.”

“गुणी आहात. आजकाल पुरुषांना काही येत नाही.”

आता सांगा, यानंतर ‘हे डासांसाठी आहे’ असं मी कोणत्या तोंडाने सांगायचं होतं? आक्कांनी पातळाला तेल लागू नये म्हणून पिशवीतला पंचा काढून डोक्याला गच्च बांधला. मग मी धीर करून सगळ्यांच्या हातांना तेल लावलं. ऋचा पुटपुटली, “बाबा प्लीज, मत करो ना,” पण हात पुढे केला. निखिलनेही केला, हसत. ड्रायव्हर कैलासने केला. एकट्या नानासाहेबांनी ‘मला तेलाचं वावडं आहे’ म्हणून सांगितलं. उरलेलं मी स्वतःला चोपडलं. हात, मान, तोंड, कान. सुलभा लावून घेत नव्हती. तिच्या पदराला मी पाठीमागून तेल पुसलं.

मांडूत शिरल्यावर मला बरं वाटायला लागलं. दरीतून गार वारा येत होता. एका पडक्या महालाशेजारी मांडूचं ते प्रसिद्ध गोरखचिंचेचं झाड होतं, ज्याला तिकडे खुरासानी इमली म्हणतात. बुंधा एवढा, की त्यात एखादं बिऱ्हाड राहावं. वरच्या अंगाला एक पोकळ ढोली. झाडाच्या सावलीत एका हॉटेलवाल्याने सतरंज्या अंथरल्या होत्या. पलीकडे शेणाच्या कंड्यांवर, म्हणजे गोवऱ्यांवर, कणकेच्या गोळ्यांचे बाफले भाजत होते. आक्का बुंध्याला टेकून बसल्या, बाकीचे समोर. आणि काय सांगू! आजूबाजूच्या लोकांची सारखी हात-पाय झटकाझटक चाललेली, पण आमच्याकडे डासाचा मागमूस नाही! मी सुलभाकडे ऐटीत पाहिलं.

गप्पा रंगल्या. निखिल ऋचाला कारखान्यातल्या गमती सांगत होता. आक्का हळूच ऐकत होत्या. ऋचाने एकही ‘अरे यार’ टाकला नव्हता. नानासाहेब मला पाटबंधाऱ्यांविषयी सांगत होते आणि मी मनातल्या मनात साखरपुड्याची तिथी धरत होतो.

मग मला गुणगुण ऐकू आली. मला आधी वाटलं, आक्का गुणगुणताहेत. बाईंचा मूड चांगला आहे, मी मनात म्हटलं. मग त्यांनी नानासाहेबांना काहीतरी विचारलं, आणि त्या बोलत असतानाही गुणगुण चालूच राहिली.

एक मधमाशी आक्कांच्या पंचावर बसली होती. मी दुर्लक्ष केलं. मग तिच्या शेजारी दुसरी आली. मग चार-पाच. त्या पंचावर गोल गोल चालू लागल्या, एखाद्या बाईने नवं घर बघताना चालावं तशा. मी वर पाहिलं. ढोलीच्या तोंडाशी काळपट काहीतरी हलत होतं. उकळतं दूध वर यावं तसं ते वर आलं, काठावरून सांडलं आणि हवेत पसरलं.

“अरे भिया, हिलना मत!” कैलास ओरडला. “छत्ता उठ गया है! कोई हिलना मत!”

नानासाहेब हलले. इतक्या वयाचा, गुडघ्यांना पट्टे बांधलेला माणूस गाडीपर्यंत कसा पोचला हे मी पाहिलंसुद्धा नाही. दार लागल्याचा आवाज तेवढा ऐकला. सतरंज्यांवरचे बाकीचे लोक पांगले. हॉटेलवाला मागे सरला. आणि सगळा तो ढग, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता, आक्कांच्या डोक्याभोवती गोळा झाला.

“कुणी हलू नका!” मीही ओरडलो. आणि हे ओरडताना मी दोन्ही हात हवेत जोरजोरात हलवत होतो.

 पंचा दिसेनासा झाला होता. त्याच्या जागी आक्कांच्या डोक्यावर तपकिरी, सळसळतं, जिवंत मुंडासं होतं. एखादी माशी कपाळावर उतरायची, भुवईवर थबकायची, परत वर जायची. वय झालेलं माणूस. एवढ्या माश्या एकदम चावल्या तर? दवाखाना नालछ्याला. रस्ता खड्ड्यांचा. आणि तेल घातलंय मी, माझ्या हाताने, कानामागेसुद्धा! तेलाचा काही संबंध आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पण कुठेतरी काही चुकलं असलं तर ते माझंच असणार, ही खात्री मला नेहमीच असते.

“आक्का!” गाडीच्या काचेच्या फटीतून नानासाहेबांचा आवाज आला. “घाबरू नकोस! आम्ही आहोत!”

आणि तेवढ्यात ऋचा उठली.

“ऋचा, बैस खाली!” मी म्हणालो. ती उठली आणि अगदी सावकाश, पाण्यातून चालावं तशी, आक्कांकडे गेली. माझी मुलगी, जिला डास चावू नये म्हणून मी अख्ख्या कॉलनीचे कूलर उपसले, ती चालत मधमाश्यांच्या ढगात शिरत होती! मला तिच्या हाताला लावलेली सलाइनची सुई आठवली. का आठवली कोण जाणे.

ती आक्कांच्या शेजारी टेकली. ओढणीचं टोक हळूच त्यांच्या चेहऱ्यापुढे धरलं.

“आक्का, बिल्कुल हिलना मत. ये काटने नहीं आई हैं. मी इथेच बसली आहे. आँखें बंद कर लो.” पाठ केलेलं सगळं मराठी मांडूच्या दरीत गेलं होतं.

“मी कशाला हलू?” ओढणीआडून आक्कांचा आवाज आला. बारीक, पण स्थिर. “माझे गुडघे मला कुठे हलू देताहेत? तू मात्र जा पोरी लांब.”

“मैं नहीं जा रही.”

मग ओढणीआडून रामरक्षा ऐकू येऊ लागली.  ऋचाने त्यांचा हात धरला.

“धुआँ चाहिए,” ती मान न वळवता म्हणाली. “निखिल, कंडे का धुआँ!”

निखिल आधीच तिकडे निघाला होता. त्याने बाफल्यांच्या चुलीतले धुमसते कंडे लोखंडी घमेल्यात घेतले, वर ओला पाला टाकला आणि घमेलं हातभर लांब धरून तो हळूहळू पुढे येऊ लागला. धूर आक्कांच्या दिशेने सरकायला लागला. काठावरच्या माश्या उठून दूर व्हायला लागल्या. दोघांनाही आपापलं काम कळलेलं होतं. आणखी जरा वेळ सगळे गप्प बसले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं.

पण मी गप्प बसलो नाही. मला तो पंचाच सगळ्याचं मूळ आहे असं वाटलं. माश्या पंचावर आहेत, तेव्हा पंचा काढला की माश्या गेल्या. गणिताच्या माणसाला हे उत्तर अगदी बरोबर वाटलं!

“काका, थांबा!” निखिल ओरडला.

तोवर मी पंचा ओढला होता. आणि ओढला तो ओढला, हातात घेऊन पळत सुटलो! (मी आक्कांना वाचवायला पळालो की स्वतःला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सुलभाने ठरवलेलं आहे.)

अख्खं मोहोळ माझ्यामागे! मी महालाच्या कमानीतून आत, दुसऱ्या कमानीतून बाहेर. समोर एक सहल आली होती, ती मला बघून फुटली.

“अरे भिया, इधर मत आओ! उधर जाओ, उधर!”

उधर गेलो. तिथे फोटो काढत असलेलं एक नवीन जोडपं होतं. नवरा बायकोला सोडून पळाला. मी त्याच्या मागे, माश्या माझ्या मागे, आणि बायको आम्हा सगळ्यांच्या मागे, नवऱ्याला शिव्या देत! मी पंचा डोक्यावर गरगर फिरवत होतो. त्याने माश्या जातील अशी माझी कल्पना होती. त्या चिडल्या. पहिली कानाला चावली. दुसरी पापणीवर. तिसरीने वरचा ओठ घेतला आणि मग मी मोजणं सोडलं.

रस्त्याच्या कडेला एक बाई भुट्टे भाजत बसली होती. ती हातातला पंखा उगारून ओरडली, “ओ बासाब! कपड़ो तो फेंकी दो!”

खरंच की! पंचा अजून माझ्या हातात होता! मी तो भिरकावला. तो एका बोरीच्या झुडपावर जाऊन अडकला, आणि बघता बघता सगळा ढग त्याच्यावर उतरून लोंबकळू लागला. पाच-सहा हट्टी माश्या तेवढ्या माझ्यापाशी राहिल्या. मग निखिल घमेलं घेऊन धापा टाकत पोचला आणि त्याने मला धुरात असं गुरफटलं, की पुढचा काही वेळ मी कुणालाच दिसत नव्हतो. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ होता.

परत आलो तेव्हा आक्का सतरंजीवर बसून पाणी पीत होत्या. त्यांना एकही माशी चावली नव्हती. ऋचाला नाही. निखिलला नाही. सुलभाला नाही. (नानासाहेबांना तर काचेतून चावणार कशी?) सगळ्या माझ्याकडे येऊन गेल्या होत्या.

“अगो बाई,” आक्का माझ्याकडे पाहून म्हणाल्या. “हे कोण?”

नालछ्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, श्वास तपासला, काटे काढले. सुलभा, जी सकाळपासून माझ्याशी बोलत नव्हती, ती माझा हात धरून बसली होती आणि सारखी डॉक्टरांना विचारत होती, “यांना काही होणार नाही ना? नक्की ना?” डॉक्टर बिचारे दर वेळी ‘नहीं’ म्हणत होते. शेवटी ते कपाटाकडे बघायला लागले. त्या दिवशी मला कळलं, की काळजी आमच्या घरात मी एकटाच करत नाही. मी फक्त आवाज करतो.

आम्ही परतीची वाट धरली. ऋचा मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होती. एकदम ती ताठ बसली.

“बाबा, तेलात गवती चहा टाकला होता ना?”

“भो,” मी म्हणालो. (ओठ सुजल्यावर ‘हो’ असा होतो.)

“ज्यादा?”

“भप्पट.”

“दुप्पट,” सुलभाने भाषांतर केलं.

“तर ऐका. मधमक्खी पाळणारे लोक नवीन पेटीत गवती चहाचं तेल लावतात. त्यांना बुलवायला! तो वास आला की त्यांना लगता है, आपल्याच बहिणी बोलावताहेत.”

 म्हणजे मी डासांना दारातून हाकललं होतं आणि मधमाश्यांना अक्षत देऊन आलो होतो! तीही आक्कांच्या डोक्यावर ठेवून!

“म्हणजे,” पुढच्या सीटवरून आक्कांनी एकेक शब्द वेगळा करून विचारलं, “ते डोक्याचं तेल नव्हे?”

“भाही.”

“मग कसलं?”

मी सुलभाकडे पाहिलं. शपथ तिने घातली होती, तिनेच सोडवायची. सुलभाने मान खाली घातली आणि म्हणाली, “डासांचं, आक्का.”

आक्कांनी मान समोरच्या रस्त्याकडे वळवली. संपलं, मी मनात म्हटलं. एक मुलगी पायावरून नाकारली, दुसरी आईवरून. तिसरी बापावरून गेली. मला सुजलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते दुखण्याचं नव्हतं.

“डोकं मात्र थांबलं हो दुखायचं,” आक्का म्हणाल्या.

आधी निखिलला हसू फुटलं. मग ऋचाला. मग कैलासला इतकं, की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. आक्का हसल्या तेव्हा त्यांच्या अंबाड्यातून गवती चहाचा भपकारा आला आणि सगळ्यांनी एकदम खिडक्या लावून घेतल्या.

धारला घरी पोचल्यावर आक्कांनी न्हाऊन घेतलं, देवापुढे दिवा लावला आणि सुलभाला आत बोलावलं. मी बाहेर ओठाला बर्फ लावून बसलो होतो. आतलं बोलणं ऐकू येत होतं.

“मुलगी आम्हांस पसंत आहे,” आक्का म्हणत होत्या. “तुमच्या मुलीला आमचा निखिल पसंत आहे का, ते तिला विचारा आणि सांगा.”

“पण आक्का, तिचं मराठी जरा…”

“मराठी मी शिकवीन. ढगात शिरून शेजारी बसायचं कुणी कुणाला शिकवू शकत नाही.” मग जरा थांबून, “आणि व्याह्यांना सांगा, लग्नात अत्तर आमच्याकडचं. त्यांनी काही करून आणायचं नाही.”

ऋचाला विचारलं. ती लाजून म्हणाली, “मला निखिल चांगला लागतो.” या वेळी तिला कुणीही सुधारलं नाही. साखर वाटली गेली, नारळ दिला गेला, मला शाल पांघरली गेली आणि देवघरापुढे सगळ्यांना उभं करून कैलासने फोटो काढला.

परवा ग्वाल्हेरहून सुलभाच्या मावशी आल्या होत्या. त्यांनी तो फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, “मुलगी छान, मुलगा छान, माणसंही छान दिसतात. आणि मागचा तो शेंदराचा मारुती किती जागृत वाटतो गं! शालसुद्धा घातलीय!” आणि त्यांनी फोटोला मनोभावे नमस्कार केला.

सुलभाने तोंडाला पदर लावला.  आजवर लोकांनी माझ्यापुढे हात जोडले ते ‘आता पुरे’ म्हणूनच. श्रद्धेने कुणी जोडले, ते हे पहिल्यांदाच!